जोंगा

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव म्हणजे घरटी एक फौजी. लहानपणी आम्हा पोरांचा आवडता उद्योग एकच, पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेला बसून कॉन्व्हॉय मोजायचा. शक्तिमान ट्रक आले की हात हलवायचे. पण सगळ्यांत पुढची ती बसकी, रुंद तोंडाची उघडी गाडी दिसली की उठून कडक सॅल्यूट ठोकायचा. तिचं नाव जोंगा, हे सुट्टीवर आलेल्या काकांनी सांगितलं. ते नाव जपानी असावं, असं मला भरती होईपर्यंत वाटत होतं.

गाडीचं मूळ जपानी आहे, नाव मात्र आपलं. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, यातल्या आद्याक्षरांची ती जोंगा. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची, तोफांचे गाडे बनवणारी. स्वातंत्र्यानंतर फौजेला गाड्या हव्या होत्या. मुंबईत महिंद्रांनी 1947 पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती. जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या मदतीने शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले. 1962 साली मात्र हिमालयाने धडा दिला. वर रसद पोचवणारी गाडी नसेल, तर जवानाच्या हिमतीला किती दिवस पुरवणार?

जीपने आपलं काम चोख केलं. 1965 साली खेमकरणच्या उसाच्या शेतांत अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडले, ते जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेनेच. पण त्याहून जड वजन घेऊन चढ चढणारी गाडी हवी होती. म्हणून निस्सानशी करार झाला आणि त्यांची पॅट्रोल गाडी जबलपूरला बनू लागली. 1969 मध्ये तिथे खास व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. जपानमध्ये त्या पिढीची पॅट्रोल 1980 साली बंद झाली. आपली जोंगा 1999 पर्यंत निघत राहिली.

मी 1988 साली भरती झालो. राजौरीला पोस्टिंग आली तेव्हा एमटीमध्ये कुमाऊँचे एक हवालदार होते, आमचे उस्ताद. त्यांनी मला जोंगाच्या शेजारी उभं केलं आणि बॉनेट उघडून म्हणाले, "गाडी कान से चलाओ, बेटा." आत सहा सिलिंडरचं 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन. थंडीत डिझेल ट्रकखाली शेगडी ठेवून इंजिन शेकावं लागे, तेव्हा जोंगा चोक ओढला की बोलायला लागायची. उन्हाळ्यात चढावर पेट्रोलची वाफ होऊन ती रुसायची. मग फ्युएल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, एक बिडी ओढून होईपर्यंत थांबायचं, की स्वारी पुन्हा तयार. भूक मात्र राक्षसी. लिटरला चार-पाच किलोमीटर. या भुकेपायीच पुढे तिची जागा जिप्सीने आणि डिझेल गाड्यांनी घेतली. युनिटच्या जोंगा एकेक करून लिलावात गेल्या. शेवटची जाताना फर्स्ट परेडला मीच तिचं तेल-पाणी तपासलं होतं.

2012 साली मी पेन्शनवर आलो. तेव्हापासून शोध सुरू. 2019 मध्ये पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीहून एका कोर्समेटचा फोन आला. लिलावातल्या फौजी गाड्यांच्या जीप बनवण्यासाठी ते गाव प्रसिद्ध आहे. तिथे भंगाराच्या ढिगामागे ती उभी होती. फ्लोअर गंजलेला, हूड फाटलेलं, ब्रेक बसलेले. पण बॉनेटखाली मूळ इंजिन शाबूत होतं. बाजारातल्या बहुतेक जोंगांत आता कुठलं ना कुठलं डिझेल इंजिन असतं. दुकानदारही म्हणाला, "फौजी साब, डीजल डाल देते हैं, एवरेज मिलेगा." एवरेज हवं असतं तर मी मारुती घेतली असती.

गाडी ट्रकवर लादून साताऱ्याला आणली. कार्ब्युरेटर, व्हील सिलिंडर, पाटे, वायरिंग, सगळं उघडलं. सुटे भाग शोधण्यात वर्ष गेलं, आणि त्याहून जास्त चपला कागदपत्रांपायी झिजल्या. रंग खरवडायला घेतला, तेव्हा पत्र्यावर थर निघाले. डबवालीचा लाल, त्याखाली ऑलिव्ह ग्रीन, त्याखालीही ऑलिव्ह ग्रीन. किती युनिटं, किती ड्रायव्हर, किती वर्षांचे हात त्यावरून फिरले असतील, कोण सांगणार!

मेकॅनिक म्हणाला, "दादा, हाच हिरवा मारू ना?" नाही मारता येत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना. त्या संध्याकाळी थोडं वाईट वाटलं. मग लक्षात आलं, की मीही वर्दी कपाटात ठेवूनच घरी आलोय. वर्दी उतरवली म्हणून चाल बदलली नाही. जोंगाला राखाडी रंग दिला.

ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा चालू झालं, त्या दिवशी पिथोरागडला उस्तादजींना फोन लावला. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना नीट दिसत नाही. फोन बॉनेटजवळ धरला. बराच वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, लाइन कटली.

मग म्हणाले, "टॅपेट बोल रहा है, बेटा. गरम होने दे, फिर सेट कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी फीलर गेज घेऊन बसलो. तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट खरंच सैल होता.