चाळीस कार्बनांचा हिशेब : प्रस्तावना

नागपुरात बसून कॅरोटिनॉइडांवर पुस्तक लिहायचे तर संत्र्याला टाळता येत नाही. मृग बहाराचे फळ थंडी खाऊन केशरी होते, तर अंबिया बहाराचे आतून गोड झाले तरी सालीवर हिरवे राहते, हे इथला प्रत्येक बागवान जाणतो. रात्री गार पडल्या की सालीतले हरितद्रव्य ओसरते आणि कॅरोटिनॉइडे ही पिवळी-केशरी रंगद्रव्ये वाढतात, दिसू लागतात. झाड हे रेणू विकरांकरवी सहज घडवते. माणसाला त्यासाठी १९५० साल उजाडावे लागले.

वाकेनरोडर यांनी गाजरातून कॅरोटीन १८३१ मध्येच वेगळे केले होते. पॉल कारर यांनी १९३०च्या सुमारास बीटा-कॅरोटीनची रचना मांडली आणि १९३७चे नोबेलही मिळवले. मग रेणू पुन्हा बांधण्याचा खटाटोप कशाला? कारण तोवरची रचना तुकड्यांवरून काढलेले अनुमान होते. स्वतः जोडलेला रेणू गाजरातल्या रेणूशी जुळला की वाद मिटतो. कारर, इनहोफेन आणि मायलस यांच्या गटांनी तो १९५०मध्ये स्वतंत्रपणे जुळवला.

चाळीस कार्बन, छप्पन हायड्रोजन, ओळीने अकरा दुहेरी बंध; सूत्र पाहून नवख्याला धडकी भरते. पण रेणूचे दोन्ही अर्धे सारखेच आहेत, म्हणजे काम निम्मे झाले. बाझेलच्या हॉफमन-ला रोश कंपनीत ओटो इस्लर यांनी बसवलेली रीत पाहा. गवती चहाच्या तेलातल्या सिट्रलला ॲसिटोन जोडून आम्लाने कडे वळवले की तेरा कार्बनांचे बीटा-आयोनोन मिळते. तेराचे चौदा, चौदाचे सोळा, सोळाचे एकोणीस. दोन एकोणिसांच्या मधे ॲसिटिलीनचे दोन. चाळीस भरले!

खरी परीक्षा पुढेच आहे. ॲसिटिलीनने मधोमध आणलेला तिहेरी बंध दुहेरी करायचा, पण उरलेल्या दहा दुहेरी बंधांना धक्का न लावता. रोशमधल्याच लिंडलार यांनी खडूवर पॅलेडियम बसवून, शिशाने त्याची धार मुद्दाम बोथट करून, हे साधले. त्यातून मिळणारा रेणू मधे वाकलेला असतो. तापवला की सरळ होतो. हवा आणि उजेड मात्र दूर ठेवायचे. या विषयातली मला सर्वांत देखणी वाटणारी पायरी हीच. बीएएसएफमध्ये पोमर यांनी विटिग अभिक्रियेने उघडलेली पंधरा-दहा-पंधराची वाट अधिक सुटसुटीत आहे, हे मान्य.

संत्र्याच्या रसात बीटा-क्रिप्टोझँथिनचे महत्त्व मोठे. बीटा-कॅरोटीनपेक्षा त्यात हायड्रॉक्सिल एकच जास्त, पण तेवढ्याने सममिती मोडते आणि त्या हायड्रॉक्सिलची दिशाही सांभाळावी लागते. भिवापुरी मिरचीला लाली देणारे कॅप्सँथिन त्याहून आडमुठे: त्याच्या एका टोकाला पाच कार्बनांचे कडे आहे, हे १९६०च्या सुमारास पक्के झाले. शेवटचे प्रकरण त्याच्यासाठी राखले आहे.

नागपूरच्या एलआयटी या तंत्रज्ञान संस्थेत तेल किंवा अन्न तंत्रज्ञान शिकणाऱ्यांना निष्कर्षणाचे प्रकरण आधी लागेल; त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. ग्रिन्यार आणि विटिग अभिक्रिया हाताखालून गेलेल्यांनी थेट तिसऱ्या प्रकरणाकडे वळावे. बाकीच्यांनी पहिली दोन प्रकरणे पेन्सिल घेऊन, प्रत्येक पायरीला कार्बन मोजत वाचावीत.