मोटेच्या नाड्यापासून मोटारखान्याच्या दारापर्यंत

मराठी माणसापुढें दोराची गोष्ट निघाली कीं त्याला प्रथम सिंहगड आठवतो. १६७० सालच्या त्या रात्रीं तानाजी मालुसरे पडल्यावर मावळे मागें फिरूं लागले, आणि सूर्याजीनें गडावरून उतरण्याचे दोर कापून टाकून त्यांना पुन्हां शत्रूवर लोटलें, ही कथा महाराष्ट्रांतील लहान मुलांनाहि ठाऊक असते. परंतु दोर मुद्दाम कापण्याचे प्रसंग इतिहासांत थोडे. तो झिजून आपोआप तुटण्याचे प्रसंग मात्र रोजचे. कापलेल्या दोराचे पोवाडे झाले. झिजलेल्या दोराचा इतिहास कोणी फारसा सांगत नाहीं. तो सांगण्याजोगा आहे. कारण ज्या घरीं मोटार ठेवण्याच्या खोलीला वर सरकणारें दार बसविलेलें असतें, त्या घरीं बोरूएवढाहि जाड नसलेला पोलादी दोर रोज मणांचें ओझें पेलीत असतो, आणि बहुतेक घरधन्यांना तो आहे हेंच ठाऊक नसतें.

नागपूरच्या आसपास, काटोल-नरखेडकडील संत्र्यांच्या बागांना पूर्वीं विहिरीवरील मोटेनें पाणी देत असत. मोटेला दोर दोन. वरच्या चाकावरून जाणारा जाड तो नाडा, व खालच्या कण्यावरून जाणारा बारीक तो सोंदूर. नाडा सारें वजन ओढी, सोंदूर मोटेची सोंड सांभाळी. बैल धावेवरून उतरूं लागले कीं मोट वर येई, आणि थारोळ्यावर सोंड मोकळी होऊन पाणी पाटाला लागे. हा देखावा रम्य खरा. पण त्यांत धोकाहि होता. नाडा तुटला तर भरलेली मोट विहिरींत कोसळे, ओढीवर असलेले बैल तोंडघशीं पडत, आणि हांकणारा नाड्यावर बसलेला असला तर त्याचीहि तीच गत होई.

म्हणून शहाणा शेतकरी नाडा तुटण्याची वाट पाहत नसे. चाकावर घांसला जाणारा भाग तो हातानें चाचपून पाही, आणि तेथील धागे फुलले कीं नाडा बदली. श्रावणी अमावास्येला पोळा आला कीं बैलांना नवी वेसण व नवा कासरा घालावयाचा, ही विदर्भांतील जुनी रीत आहे. वर्षाच्या वापरानें दोराचें बळ सरतें, हें ज्ञान कोणत्याहि पोथींत न लिहितां सणाच्या रूपानें घरोघर पोंचविण्याची ही किती सोपी युक्ति! जुन्या विहिरींच्या कांठच्या दगडाला दोरानें पडलेल्या खांचा पाहून मुलांना उद्योगाचा धडा देत असत. त्या खांचांचा दुसरा अर्थहि आहे: ज्या घर्षणानें दगड झिजला, त्यानें दोर किती झिजविले असतील?

विहिरीची खोली कांहीं पुरुष. खाणीची खोली शेंकडों हात. युरोपांत खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसा हा प्रश्न बिकट झाला. जर्मनींतील हार्झ पर्वतांत क्लाउस्थाल नांवाचें खाणींचें गांव आहे. तेथें धातुपाषाण वर काढण्यासाठीं तागाचे दोर व लोखंडी सांखळ्या वापरीत. तागाचा दोर खाणीच्या ओलाव्यानें कुजे. सांखळी कुजत नसे, पण कोणतीहि पूर्वसूचना न देतां तुटे. एक कडी गेली कीं सारी सांखळी गेली.

तेथील खाणींचे अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट (१७८७–१८४६) हे शिक्षणानें कायदेपंडित होते. सांखळी एकदांच जड वजनानें तुटते असें नव्हे, तर तिला सहज पेलणारें वजनहि पुनःपुन्हां दिल्यानें ती थकून तुटते, असें त्यांच्या ध्यानांत आलें. १८२९ च्या सुमारास त्यांनीं एक यंत्र करवून सांखळ्यांवर वारंवार ओझें टाकून परीक्षा घेतली. धातूलाहि थकवा येतो, या आज सर्वमान्य असलेल्या शास्त्राचा आरंभ येथें झाला. पुढें त्यांनीं सांखळीच सोडून दिली. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार लोखंडी तारांचा एक पदर, आणि असे तीन पदर एकत्र पिळून एक दोर, अशी बारा तारांची रचना त्यांनीं केली. १८३४ च्या जुलै महिन्यांत क्लाउस्थालच्या कॅरोलाइन खाणींत हा दोर कामास लागला, आणि तारेच्या दोराचें युग सुरू झालें.

या शोधाचें मर्म तारेच्या बळांत नसून पिळांत आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतों. परंतु दोराच्या बाबतींत पीळ हाच त्याचा तारणहार होय. पिळलेल्या दोरांतील एक तार तुटली तरी शेजारच्या तारा तिला घट्ट आवळून धरतात, व तिचा भार वाटून घेतात. त्यामुळें दोर एकाएकीं जात नाहीं. आधीं एक तार तुटते, मग दुसरी, आणि तुटलेलें टोंक केसासारखें बाहेर डोकावूं लागतें. सांखळी न सांगतां दगा देते. तारेचा दोर आधीं सूचना देतो. मात्र ती सूचना वाचणारा कोणी पाहिजे.

अमेरिकेंत जॉन रोब्लिंग यांनीं १८४१ सालीं असे दोर करण्यास आरंभ केला. डोंगराच्या उतारावरून कालव्याच्या नावा ओढून नेण्यासाठीं तेथें तागाचे जाड दोर लावीत; ते झिजत, तुटत, आणि त्यांपायीं अपघात होत. त्यांची जागा तारेच्या दोरानें घेतली. पुढें याच घराण्याच्या हातून न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल उभा राहिला व १८८३ सालीं वाहतुकीस खुला झाला. एलिशा ओटिस यांनीं दुसऱ्या बाजूनें विचार केला. दोर कितीहि चांगला असला तरी तो एखादे दिवशीं तुटणारच, मग तुटल्यावर काय? १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत पाळण्यावर स्वतः उभें राहून त्यांनीं वरचा दोर लोकांसमक्ष तोडविला. पाळणा किंचित् घसरला आणि त्यांच्या नव्या अटकावानें तेथेंच थांबला. आल्बर्ट यांनीं दोराला बोलतें केलें. ओटिस यांनीं तो मुका राहिला तरी माणूस वांचेल अशी तजवीज केली.

आतां दाराकडे वळूं. भोसल्यांच्या काळांतील नागपुरास दाराला दोर लागत नसे. महालांतील जुन्या वाड्यांचे जड सागवानी दरवाजे बाजूला फिरत; दाराचें वजन जमीन व चौकट पेलीत, आणि रात्रीं आंतून अडसर घातला म्हणजे काम भागे. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झालें, १८६७ सालीं मुंबईची आगगाडी येथें पोंचली, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली. शहराचा व्यापार वाढला. पुढें सीताबर्डी-इतवारींतील दुकानांच्या लांकडी फळ्या जाऊन त्या जागीं गुंडाळले जाणारे पत्र्याचे शटर आले. शटरच्या वरच्या नळींत स्प्रिंग असते. शटर खालीं ओढलें कीं ती आवळते व वर लोटतांना हात देते. दाराचें वजन जमिनीवरून काढून लोखंडाच्या ताणावर टाकण्याची ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी अमेरिकेंत घडली. मोटार घरोघर झाली, आणि बर्फांत बाहेर उघडणारे दरवाजे अडूं लागले. १९२१ सालीं सी. जी. जॉन्सन यांनीं आडव्या फळ्या बिजागऱ्यांनीं जोडून रुळांवरून वर, छताखालीं सरकणारें दार बनविलें. १९२६ सालीं त्यांनींच तें उचलणारें विजेचें यंत्रहि काढलें. हींच दारें पुढें जगभर पसरलीं.

त्यांची रचना मोटेची आठवण करून देणारी आहे. दाराच्या माथ्यावर एक आडवा दांडा असतो व त्याभोंवतीं पिळाची जाड स्प्रिंग. दांड्याच्या दोन्ही टोंकांना खांचा पाडलेले दोन ड्रम, आणि प्रत्येकावरून उतरलेला तारेचा एक एक दोर दाराच्या खालच्या कोपऱ्यांतील लोखंडी पकडींत अडकविलेला. मिस्त्री ह्यालाच केबल म्हणतात. दार खालीं येतें तेव्हां दोर ड्रमवरून सुटतो व स्प्रिंगला पीळ चढतो. वर जातें तेव्हां स्प्रिंग उलगडते व दोर ओढला जातो. मोटेचें काम बैल करीत, येथें स्प्रिंग करते; म्हणूनच इतकें जड दार एका हातानें उचलतें. परंतु यांत एक गोष्ट विसरूं नये. दार बंद असतें, म्हणजे सारें स्वस्थ आहे असें दिसतें, नेमका तेव्हांच स्प्रिंगचा पीळ व दोराचा ताण सर्वांत अधिक असतो.

हिशोबहि सोपा आहे. दिवसांतून चार वेळां दार उघडलें तर वर्षांत १४६० उघडझापी होतात. सामान्य स्प्रिंग सुमारें १०,००० उघडझापींच्या अंदाजानें केलेली असते; म्हणजे सातव्या वर्षाच्या आंत तिचें आयुष्य संपत येतें. दोरालाहि तोच थकवा येतो. तो ड्रमवर दर वेळीं वांकतो आणि सरळ होतो. त्यांत नागपूरची हवा: उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जाऊन वंगण सुकतें व त्यावर धूळ बसते, मग पावसाळ्यांत खालच्या पकडीजवळ पाणी सांचून गंज धरतो. म्हणून दोर बहुधा दोन ठिकाणीं जातो: ड्रमवर किंवा खालच्या टोंकाशीं.

दार एका बाजूला कलतें, उचलतांना करकरतें, दोर ड्रमच्या खांचेंतून सुटून लोंबतो, किंवा त्यावर तुटक्या तारांचे केस दिसतात. आल्बर्ट यांना अभिप्रेत असलेली सूचना ती हीच. अशा वेळीं विजेचें यंत्र चालवूं नये, दार बळानें उचलूं नये, मोटार आंत असली तरी तशीच राहूं द्यावी, आणि मुलांना दूर ठेवावें. खालच्या पकडीचे बोल्ट व स्प्रिंगचे स्क्रू यांना तर घरधन्यानें हात लावूंच नये. ताणलेली पकड सुटली तर हाताचीं बोटें अगर डोळा जाण्यास क्षणहि लागत नाहीं. तें काम जाणत्या मिस्त्रीचें. आधीं स्प्रिंगचा पीळ रीतसर उतरवून मग त्यानें दोर बदलावा. नवा दोर जुन्याच जाडीचा व लांबीचा असावा, आणि एकच तुटला तरी दोन्ही बदलावे. एक नवा व एक जुना असे दोर ताण सारखा वाटून घेत नाहींत, दार तिरपें चालूं लागतें. आणि दोघांनीं श्रम सारखेच केलेले असल्यानें दुसऱ्याचा शेवटहि फार दूर नसतो.

घरधन्याचें काम निराळें. महिन्यांतून एकदां दोर डोळ्यांनीं पाहावा, हात लावूं नये. वर्षांतून एक-दोनदां दार बंद असतांना यंत्र सोडवून तें हळूच अर्ध्यावर उचलून पाहावें. तोल नीट असला तर दार तेथेंच राहतें. खालीं धांवलें किंवा वर पळालें तर मिस्त्रीला बोलवावें. ताणाची स्प्रिंग रुळाच्या बाजूला लांब पसरलेली असली, तर तिच्या पोटांतून जाणारा रक्षक दोर आहे कीं नाहीं तें पाहावें. स्प्रिंग तुटल्यावर तिचे तुकडे उडूं नयेत म्हणून तो असतो. ओटिस यांनीं शिकविलेला धडा तोच.

नागपूर जिल्ह्यांतच मनसर, कांद्री, गुमगांव येथें मँगनीजच्या खाणी आहेत. खोल खाणींतून माणसांची ने-आण करणारा पाळणा तारेच्या दोरावरच लोंबतो, आणि त्या दोराची वेळच्या वेळीं तपासणी करण्याचें बंधन कायद्यानें घातलेलें आहे. खाणीच्या दोरावर सरकारची नजर असते, मोटेच्या नाड्याला पोळा होता. घरच्या दाराच्या दोराला मात्र कायदाहि नाहीं आणि सणहि नाहीं. त्याच्याखालून रोज लेकरें जातात-येतात, आणि तो तुटेपर्यंत त्याचें नांव कोणी काढीत नाहीं.

यावर उपाय घरांतच आहे. खंडेनवमीला व दसऱ्याला नागपुरांत घरोघर हत्यारें, यंत्रें व वाहनें पुजतात. मोटार धुवून तिला झेंडूची माळ घालतात. त्याच दिवशीं, माळ घालण्यापूर्वीं, दाराच्या दोन्ही दोरांकडे वरपासून खालपर्यंत एकदां नीट पाहावें. एखादी तार केसासारखी वर आलेली दिसली तर मुहूर्ताची वाट न पाहतां दोन्ही दोर बदलून घ्यावे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, म्हणजे गंज दिसण्याचाहि तोच काळ. पोळ्याला नवा कासरा वळणाऱ्या पूर्वजांना यांत नवें असें कांहींच वाटलें नसतें.