तळटीप १४ : ‘एए-टी’

१४. एए-टी : कॅलिफोर्नियातील दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजची पदवी, ‘टी’ म्हणजे ट्रान्सफर. २०१० च्या राज्य कायद्याने सुरू झाली. सत्रपद्धतीची ६० युनिट्स, त्यांपैकी किमान १८ मुख्य विषयाची, येथे राज्यशास्त्राची. ती मिळवणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षी प्रवेशाची हमी असते. हवा तोच कॅम्पस मिळेल याची मात्र नाही. बर्कली आणि लॉस एंजेलिसचे प्रसिद्ध कॅम्पस युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या वेगळ्या विद्यापीठाचे. त्यांना या कायद्याची हमी लागू होत नाही. तिथे जायचे तर विषय वेगळ्या हिशेबाने निवडावे लागतात. निवेदिका पहिल्याच सत्रात समुपदेशकाचे दार ठोठावते ते यासाठी. आपल्याकडील वाचकाला ती घाई वाटेल, पण चुकीच्या विषयांत गेलेले सत्र तिला खरोखरच परवडणारे नाही.