ए, बी, सी, डी आणि आभाळ

आम्हा मास्तरमंडळींच्या डोक्यात ए, बी, सी, डी ही अक्षरं एका ठरावीक क्रमाने बसलेली असतात. ए म्हणजे हुशार, डी म्हणजे जेमतेम. पॅराग्लायडरवरही हीच चार अक्षरं छापलेली असतात, पण तिथे त्यांचा अर्थ निराळा आहे. ए म्हणजे स्वभावाने सगळ्यात शांत पंख, चुका पोटात घालणारा. डी म्हणजे सगळ्यात चपळ, लांब पल्ल्याचा आणि तितकाच तापट. डी म्हणजे नापास नव्हे. नापासासाठी एफ हे वेगळं अक्षर आहे.

आमच्या घरातला एक तरुण गेली काही वर्षं कामशेतला उडतो. पावसाळा संपला की त्याचं चित्त जागेवर नसतं. आता तो बी श्रेणीचा पंख विकून सी घ्यायचा म्हणतो. त्याच्या आईने मला विचारलं, "भाऊजी, सी म्हणजे जास्त सुरक्षित की कमी?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र एका वाक्यात मावेना. मग नेहमीच्या सवयीने मी इतिहासाकडे वळलो. ज्यांच्या घरात कुणी उडतं, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी थोडं या यंत्राविषयी. यंत्र म्हणायचं खरं, पण यात ना लोखंड, ना लाकूड. नायलॉनच्या कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, समोरच्या कडेला तोंडं. त्या तोंडांतून हवा आत शिरते आणि तिच्या दाबाने पंखाला आकार येतो. १९६४ साली डोमिना जालबर्ट या अमेरिकेतल्या संशोधकाने अशा कप्पेदार पंखाची कल्पना पेटंटसाठी मांडली. त्याच सुमारास डेव्हिड बॅरिश नावाचा दुसरा अमेरिकन आपला ‘सेलविंग’ घेऊन डोंगरउतारावरून तरंगत खाली येत होता. पण हा खेळ खऱ्या अर्थाने रुजला तो फ्रान्समधल्या मिएसी या आल्प्सच्या कुशीतल्या गावात. १९७८ सालच्या जूनमध्ये जाँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ हे तीन पॅराशूटवाले तिथल्या उतारावरून धावत सुटले आणि हवेत उतरले. उडी मारायला विमान लागतं, विमानाला पैसे लागतात. डोंगर फुकट आहे, हा त्यांचा हिशोब.

ते पॅराशूट एक मीटर खाली येताना जेमतेम तीन-चार मीटर पुढे सरकत असे. आजचे स्पर्धेचे पंख तेवढ्याच उंचीत दहा मीटरच्या आसपास जातात. हा फरक फुकट मिळालेला नाही. १९८०च्या दशकात कारखानदारांनी पंख लांब आणि अरुंद करायला घेतला. पंख लांब झाला की तो दूर जातो, पण त्याची टोकं चंचल होतात. वरून आलेल्या हवेच्या झोताने पुढची कड दुमडते, एक बाजू चिंधीसारखी लोंबते आणि उरलेली बाजू पायलटला घेऊन गोल फिरू लागते. याला उडणारे लोक ‘कोलॅप्स’ म्हणतात. अपघात वाढले आणि पंख विकण्याआधी तपासावा कसा, हा प्रश्न उभा राहिला.

फ्रान्समध्ये कारखानदारांच्या संघटनेनेच आधी चाचण्या सुरू केल्या. पुढे १९९०च्या दशकात तिथे ‘स्टँडर्ड’, ‘परफॉर्मन्स’ आणि ‘कॉम्पिटिशन’ असे वर्ग आले. जर्मनीत हे काम डीएचव्ही या संघटनेकडे होतं. त्यांचे वर्ग आकड्यांचे: १, १-२, २, २-३ आणि ३. म्हणजे एकाच पंखाला दोन बोर्डांच्या परीक्षा द्याव्या लागत आणि निकालपत्रंही दोन. शेवटी २००५ साली ‘ईएन ९२६-२’ हे युरोपचं सामायिक मानक आलं आणि त्यातून ए, बी, सी, डी ही अक्षरं रूढ झाली. हळूहळू जर्मनीनेही तीच अक्षरं घेतली. पुढे २०१३ साली या मानकात सुधारणाही झाली.

ही परीक्षा कशी असते ते पाहण्यासारखं आहे. तिचे दोन भाग. पहिला भाग ताकदीचा. पंख वाहनाला बांधून एकदम झटका देतात, आणि मग कमाल वजनाच्या आठ पट भार त्याच्यावर घालतात. कापड फाटता कामा नये, दोरी तुटता कामा नये. दुसरा भाग उड्डाणाचा. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी व्हिलनव्ह नावाचं गाव आहे. तिथल्या चाचणी केंद्राचे पायलट हवेत जाऊन पंखाला मुद्दाम संकटात टाकतात. खाली पाणी असतं, अंगावर लाइफ जॅकेट असतं आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. पुढच्या दोऱ्या खेचून निम्मा पंख दुमडायचा, मग पाऊण दुमडायचा. हे साध्या वेगात करायचं आणि पायाने ॲक्सिलरेटर दाबून वाढवलेल्या वेगातही करायचं. पंख संपूर्ण थांबवून पाडायचा. स्वतःभोवती फिरवायचा. घट्ट चक्री गिरकीत घालून सोडून द्यायचा. असे वीसएक प्रयोग, तेही त्या पंखाच्या किमान आणि कमाल वजनात.

आणि मुख्य गंमत पुढे आहे. पंख दुमडल्यावर पायलटने काही करायचं नसतं. हात स्थिर ठेवून तो पाहत राहतो. पंख किती अंशांनी वळला? किती पुढे झेपावला? आपणहून उघडला की नाही? यावरून त्या त्या प्रयोगाचं अक्षर ठरतं. आणि अंतिम निकालात सरासरी नाही. एकोणीस विषयांत ए आणि एकात सी पडला, तर निकाल सी. मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे गणितातले गुण मराठीला तारून नेतात. इथे ज्या विषयात पंख सगळ्यात वाईट वागला, त्याच विषयाने त्याची ओळख होते.

मानकातच लिहिलेलं आहे की ए आणि बी पंख पायलटच्या चुका बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. सी हा नियमित उडणाऱ्या आणि पंख सावरायची तंत्रं ओळखीची असलेल्या पायलटसाठी. आणि डी त्या तंत्रांचा चांगला सराव असलेल्यांसाठी. म्हणजे अक्षर पंखाचा दर्जा सांगत नाही. वेळ आली तर पायलटला स्वतः किती काम करावं लागेल, एवढंच ते सांगतं. त्या माउलीला मी हेच उत्तर दिलं.

पण इतिहास इथे थांबत नाही. आम्ही शिक्षक ज्याला ‘परीक्षेपुरता अभ्यास’ म्हणतो, तो इथेही आहे. चाचणी शांत हवेत होते, कारण तशी झाली तरच दोन पंखांची तुलना करता येते. पण दुपारी तापलेल्या डोंगरावरची हवा प्रश्नपत्रिका पाहून येत नाही. शिवाय २००९ च्या सुमारास दोऱ्यांच्या दोनच ओळी असलेले पंख स्पर्धेत आले. तीन-चार ओळींपेक्षा दोन ओळींना हवेचा अडथळा कमी, म्हणून वेग जास्त. पण अशा पंखाची कड नेहमीच्या दोऱ्या खेचून नीट दुमडतच नाही. म्हणून चाचणीपुरत्या जादा दोऱ्या लावायची सोय करावी लागली. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या पंखावर त्या दोऱ्या नसतात. हवा तो पंख जसा दुमडेल तसाच तो चाचणीत दुमडला का, हा वाद जाणकारांत होत आला आहे.

अनुभवी पायलटांविषयी दोन घटना सांगतो. पहिली २००७ सालची. ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे जागतिक स्पर्धेची तयारी चालू होती. १४ फेब्रुवारीला जर्मनीची एव्हा विस्निएर्स्का वादळी ढगाच्या ओढीत सापडली आणि ९,९४६ मीटरपर्यंत वर खेचली गेली. म्हणजे एव्हरेस्टच्याही हजार मीटर वर, अंगावर बर्फ, श्वासाला हवा नाही. ती बेशुद्ध झाली. पंख तिच्याशिवायच उडत राहिला. खाली आल्यावर ती शुद्धीवर आली आणि निघाल्या जागेपासून सुमारे ६० किलोमीटरवर जिवंत उतरली. त्याच ढगात सापडलेला चीनचा पायलट वाचला नाही. दोघंही नवशिके नव्हते. ढग वाढतो आहे हे जमिनीवरून आणि आकाशातूनही दिसत होतं. ढगाला चुकवून पलीकडे जाता येईल, हा हिशोब अनुभवी माणूसच करतो. नवशिका आधीच खाली उतरलेला असतो.

दुसरी घटना जुलै २०११ ची, स्पेनमधल्या पिएद्राहिता गावची. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, जगातले निवडक पायलट. त्या वेळी अव्वल स्पर्धेत ‘ओपन क्लास’चे पंख चालत. उड्डाण-चाचणीचं अक्षर त्यांना लागत नसे. सुरुवातीच्या दिवसांतच दोन पायलट मरण पावले आणि स्पर्धा मध्येच थांबवली गेली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या अव्वल स्पर्धांतून ओपन क्लास स्थगित केला, काही काळ प्रमाणपत्र असलेल्याच पंखांना परवानगी राहिली आणि पुढे स्पर्धेच्या पंखांसाठी ‘सीसीसी’ नावाचा वेगळा वर्ग आखला गेला. जगातल्या सर्वोत्तम लोकांना परीक्षा नको, त्यांना कळतं, असं जे मानलं जात होतं, ते त्या आठवड्यात संपलं.

मग अनुभवी पायलटने सांभाळायचं काय? जाणत्या प्रशिक्षकांचं सांगणं मला समजलं तसं मांडतो. पंख पुढे झेपावला की ब्रेक ओढायचा, मागे राहिला की हात वर सोडायचे; म्हणजे पंख सतत डोक्यावर ठेवायचा. एक बाजू दुमडली तर आधी अंगाचं वजन उघड्या बाजूला टाकून दिशा धरायची. घाबरून उघड्या बाजूचा ब्रेक जोरात ओढला तर तीही बाजू उडायची थांबते, आणि मग एका संकटातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं सुरू होतं. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना हवा खवळली तर आधी पाय सोडायचा. जमीन जवळ असेल तर पंखाशी झटापट करत बसायचं नाही, रिझर्व्ह पॅराशूट फेकायचं. ते वापरायला लागलं म्हणजे कमीपणा, असं मानणारे हात आखडतात आणि तेवढ्यात उंची संपते.

या गोष्टी वाचून येत नाहीत. त्यासाठी पाण्यावर सरावाचे वर्ग असतात. फ्रान्समधलं आनसी, तुर्कस्तानातलं ओलुदेनिझ ही त्यांची प्रसिद्ध ठिकाणं. तिथे प्रशिक्षक रेडिओवरून सांगतो आणि पायलट आपल्याच पंखावर हे सगळे प्रकार करून पाहतो. नवा पंख घेतला की पुन्हा करावं, कारण जुन्या पंखाची सवय नव्या पंखावर उलटू शकते.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. प्रमाणपत्र नव्या पंखाचं असतं. ऊन नायलॉन खातं, कापडातून हवा झिरपू लागते. दोऱ्यांच्या लांबीतही फरक पडतो. ज्या पुढच्या दोऱ्यांवर जास्त भार असतो त्या ताणतात, मागच्या आखडतात. फरक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. पण तेवढ्याने पंख मंदावतो आणि एखाद्या दिवशी पुढे जायचंच विसरून सरळ खाली बसू लागतो. म्हणून ठरावीक तासांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनी दोऱ्या मोजून घ्याव्या लागतात, कापड यंत्रावर तपासावं लागतं, रिझर्व्ह उघडून पुन्हा घडी घालावी लागते. मोजमाप चुकवलेल्या पंखावर बी छापलेलं असलं, तरी तो आता बी राहिला आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं.

तेव्हा घरातल्या उडणाऱ्या माणसाला "कुठल्या अक्षराचा पंख घेतलास?" एवढंच विचारून थांबू नका. दोऱ्या शेवटच्या कधी मोजल्या? रिझर्व्हची घडी कधी बदलली? पाण्यावरचा सराव याच पंखावर केला आहेस का? आणि हवा पटली नाही म्हणून पंख न उघडताच डोंगर उतरून आलास, असं शेवटचं कधी झालं? या चौथ्या प्रश्नाला चटकन उत्तर आलं, तर मला वाटतं घरच्यांनी निम्मी काळजी सोडायला हरकत नाही.