तेलाच्या राज्यातले महागडे डिझेल : अलास्काची गावे, अनुदाने आणि सरकारी कंत्राटे (थ्रेड)

१४ जानेवारी २०१२. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम या सुमारे साडेतीन हजार वस्तीच्या गावासमोर, गोठलेल्या बेरिंग समुद्रात एक रशियन टँकर येऊन थांबला. त्याचे नाव 'रेन्डा'. शेकडो मैल बर्फ फोडत त्याला वाट करून दिली होती अमेरिकी तटरक्षक दलाच्या 'हीली' या जहाजाने. टँकरच्या पोटात १३ लाख गॅलन डिझेल आणि पेट्रोल होते. धक्क्यापर्यंत जाणे शक्य नव्हते. म्हणून बर्फावर नळ्या अंथरून ते इंधन गावाच्या टाक्यांत उतरवण्यात आले.

कोकणात मिरग लागण्याआधी घरोघरी आगोट भरतात. नोमची आगोट इंधनाची असते. समुद्र मोकळा असतो त्या मोजक्या महिन्यांत बार्ज येतात, टाक्या भरतात, आणि मग पुढचा उन्हाळा उजाडेपर्यंत तेवढ्यावर निभवायचे. गावाला राज्याच्या इतर भागाशी जोडणारा रस्ताच नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये मोठे वादळ झाले, वर्षाची शेवटची बार्ज चुकली आणि तोवर समुद्र गोठला. विमानाने तेवढे इंधन आणायचे, तर शेकडो फेऱ्या कराव्या लागल्या असत्या.

टँकर मागवला होता सिटनासुआक या नोमच्या मूळ रहिवाशांच्या कंपनीच्या इंधन विकणाऱ्या उपकंपनीने. पण अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणारे जहाज अमेरिकीच असले पाहिजे, असा १९२० चा कायदा आहे. डिझेल दक्षिण कोरियातून आले होते, त्याची अडचण नव्हती. पेट्रोल मात्र अलास्काच्याच डच हार्बर बंदरात भरायचे होते. तेवढ्यासाठी वॉशिंग्टनहून खास सूट आणावी लागली.

हे सारे घडत होते ते अमेरिकेतल्या एका बड्या तेलउत्पादक राज्यात. १९८८ च्या सुमारास अलास्काच्या उत्तर टोकावरून दिवसाला २० लाख पिंपांहून अधिक कच्चे तेल दक्षिणेला वाहत होते. त्याच राज्यातल्या गावांत दिवा लावायला आणि घर उबदार ठेवायला बाहेरून आलेले डिझेल लागते, आणि तेही देशातल्या सर्वांत महाग दरांपैकी एका दराने. ही विसंगती कशी उभी राहिली, हे समजून घेण्यासाठी दोन करार पाहावे लागतात. एक वॉशिंग्टनमध्ये झाला, दुसरा जुनो या राज्याच्या राजधानीत.

१८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का ७२ लाख डॉलरला विकत घेतले. तिथे हजारो वर्षे राहणाऱ्या इनुपियाट, युपिक, अल्युट, अथाबास्कन, त्लिंगिट लोकांना कोणी विचारले नाही. १९५९ मध्ये अलास्का राज्य झाले, तेव्हा नव्या राज्याला सुमारे १० कोटी ४० लाख एकर जमीन निवडून घेण्याचा अधिकार मिळाला. राज्य जमीन निवडू लागले आणि गावोगावचे लोक जागे झाले. १९६६ मध्ये 'अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ज' ही संघटना उभी राहिली. त्याच सुमारास केंद्र सरकारने जमिनीचे हस्तांतरण गोठवले.

मग १९६८ मध्ये प्रुडो बे येथे तेल सापडले. ते बाहेर काढायचे तर सुमारे १३०० किलोमीटरची नळवाहिनी हवी, आणि नळवाहिनीखालची जमीन कोणाची, हा प्रश्न सुटल्याशिवाय ती घालता येईना. शंभर वर्षे कोणालाही घाई नसलेला जमिनीचा वाद तीन वर्षांत मिटला, यामागचे कारण एवढेच.

१८ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अलास्का नेटिव क्लेम्स सेटलमेंट कायद्यावर सही केली. मूळ रहिवाशांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. बदल्यात उरलेल्या साऱ्या अलास्कावरचा त्यांचा पारंपरिक हक्क, शिकारीचा आणि मासेमारीचा आदिम हक्कही धरून, कायमचा संपुष्टात आला.

या कायद्याची खरी विलक्षण गोष्ट पुढे आहे. जमीन आणि पैसा टोळ्यांच्या परिषदांना मिळाला नाही. त्यासाठी कंपन्या काढण्यात आल्या. १२ प्रादेशिक कंपन्या, राज्याबाहेर राहणाऱ्यांसाठी १३ वी, आणि दोनशेच्या आसपास ग्रामकंपन्या. प्रत्येक पात्र व्यक्ती भागधारक झाली, तिच्या नावे १०० समभाग लागले. वालरस आणि सामन यांच्यावर जगणाऱ्या माणसांना एका सहीने ताळेबंद, संचालक मंडळ आणि लाभांश यांच्या जगात आणून सोडले. नफा कमवणे हे त्यांच्या कंपन्यांचे कायदेशीर काम ठरले, आणि जिथे गिऱ्हाईकच नाही अशा टुंड्रात नफा कशातून कमवायचा, हे मात्र कायद्याने सांगितले नाही.

व्हायचे तेच झाले. १९८० च्या दशकात अनेक कंपन्या डबघाईला आल्या. नोमच्या परिसरातली बेरिंग स्ट्रेट्स ही प्रादेशिक कंपनी तर १९८६ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. त्याच सुमारास काँग्रेसने या कंपन्यांना आपले साचलेले तोटे नफ्यातल्या इतर कंपन्यांना विकण्याची मुभा दिली. घेणाऱ्याचा कर वाचे, विकणाऱ्याच्या हाती रोख येई. तोटा हाच विक्रीयोग्य माल ठरावा, असे प्रसंग अर्थकारणाच्या इतिहासात विरळाच. ही पळवाट १९८८ मध्ये बंद झाली.

टिकली ती दुसरी वाट, सरकारी कंत्राटांची. अमेरिकेच्या लघुउद्योग कायद्यातील कलम ८(ए) खाली वंचित समूहांच्या छोट्या कंपन्यांना केंद्र सरकारची कामे राखून ठेवता येतात. १९८६ मध्ये अलास्काच्या मूळ रहिवाशांच्या कंपन्यांना त्यात प्रवेश मिळाला. अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स हे त्यांचे वॉशिंग्टनमधले मोठे आधारस्तंभ. पुढे सवलती वाढत गेल्या. इतर छोट्या कंपनीला निविदेशिवाय मिळणाऱ्या कंत्राटाला मर्यादा होती, सेवांसाठी त्या काळी ३० लाख डॉलरची. या कंपन्यांना अशी मर्यादाच नव्हती. शिवाय एक कंपनी अनेक उपकंपन्या काढू शके आणि 'लहान' कोण हे ठरवताना मूळ कंपनीचा आकार मोजला जात नसे.

याचा परिणाम पाहायचा तर चेनेगा या गावाकडे पाहावे. प्रिन्स विल्यम साउंडमधले हे सुगपियाक लोकांचे छोटेसे गाव. २७ मार्च १९६४ च्या गुड फ्रायडेला झालेल्या प्रचंड भूकंपानंतरच्या लाटेने ते पुसून टाकले. २३ माणसे, म्हणजे गावातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस, वाहून गेली. वाचलेले इतरत्र विखुरले आणि वीस वर्षांनी, १९८४ मध्ये, शेजारच्या एव्हान्स बेटावर त्यांनी गाव पुन्हा वसवले. पाच वर्षे होतात न होतात, तोच 'एक्झॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज फुटले आणि त्याच गावाच्या किनाऱ्यांवर तेल आले. तो दिवसही गुड फ्रायडेच होता. या गावाच्या मूठभर भागधारकांची कंपनी पुढे ८(ए) मधल्या मोठ्या कंत्राटदारांत गणली जाऊ लागली. तिची बहुतेक कामे अलास्कापासून हजारो मैल दूर, लष्करी तळांवर आणि सरकारी कचेऱ्यांत चालत.

२००० मध्ये या कंपन्यांना ८(ए) खाली २६ कोटी ५० लाख डॉलरची कामे मिळाली होती. २००४ मध्ये हा आकडा ११० कोटींवर गेला. काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००६ च्या अहवालात ही वाढ मांडली आणि देखरेख अपुरी असल्याचे नोंदवले. २००९ मध्ये सिनेटर क्लेअर मॅकास्किल यांनी सुनावणी घेतली. त्यानंतर २ कोटी डॉलरपेक्षा मोठे विनानिविदा कंत्राट द्यायचे असेल, तर लेखी समर्थन देणे संबंधित खात्यांवर बंधनकारक झाले.

टीकाकारांचा मुद्दा बिनतोड वाटतो : स्पर्धा नाही, म्हणून करदात्याचे नुकसान. पण दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. इतर ८(ए) कंपनीचा नफा एका मालकाच्या खिशात जातो. येथे तो शेकडो, काही ठिकाणी हजारो भागधारकांत लाभांश, शिष्यवृत्ती, अंत्यविधीची मदत अशा रूपांनी वाटला जातो. आणि सरकारनेच लोकांना कंपनी बनवले असेल, तर त्यांनी कंपनीसारखे वागल्याचा दोष त्यांच्या माथी मारणे जरा विचित्रच.

आता जुनोकडे. १९७७ मध्ये नळवाहिनीतून तेल वाहू लागले आणि राज्याची तिजोरी भरली. या पैशातून राज्याने जलविद्युत प्रकल्प हाती घेतले : कोडिएकसाठी टेरर लेक, वाल्डेझसाठी सॉलोमन गल्च, केचिकनसाठी स्वॉन लेक, रँगेल आणि पीटर्सबर्गसाठी टाय लेक. अँकरेज ते फेअरबँक्स वीजवाहिनी झाली, पुढे ब्रॅडली लेकही झाला. हे सगळे शहरांसाठी आणि मोठ्या गावांसाठी. युकॉन नदीच्या मुखाशी किंवा आर्क्टिक किनाऱ्यावर धरण बांधून काय करणार? तिथे प्रत्येक गावाचे आपले डिझेल जनित्र, आपल्या टाक्या, आपले तारांचे जाळे.

ग्रामीण आमदारांनी मग आपला वाटा मागितला. शहरांना धरणे, तर गावांना दरातली भरपाई. यातून १९८५ मध्ये 'पॉवर कॉस्ट इक्वलायझेशन', म्हणजे वीजखर्च समानीकरण, ही योजना उभी राहिली. अँकरेज, फेअरबँक्स आणि जुनो यांच्या वीजदराची सरासरी पायाभूत धरायची. गावातला खर्च त्याहून जितका जास्त, त्याच्या ९५ टक्के भार, प्रतियुनिट एक डॉलरच्या खर्चापर्यंत, राज्याने उचलायचा. ही अदलाबदल होती, खैरात नव्हती. परंतु धरण एकदा बांधले की दरवर्षी कोणी त्याचा हिशेब मागत नाही. अनुदान मात्र प्रत्येक अर्थसंकल्पात नव्याने 'दिसते'. १९९० च्या दशकात तेलाचे भाव पडले, तेव्हा शहरी आमदारांना तेच आधी खुपू लागले. १९९९ मध्ये घरगुती ग्राहकाची सवलत महिन्याला ५०० युनिटांपर्यंत खाली आली. दुकाने आणि शाळा योजनेतून वगळल्या गेल्या. पुढच्याच वर्षी योजनेसाठी स्वतंत्र निधी स्थापन झाला, आणि त्यात पडलेली एक मोठी रक्कम त्याच चार धरणांच्या विक्रीतून आलेली होती. धरणे आणि गावांचा वीजदर यांचे मूळचे नाते या व्यवहारात कागदावर उमटले आहे.

योजनेत एक गाठ आहे. कोट्झब्यूच्या वीज सहकारी संस्थेने १९९७ मध्ये पवनचक्क्या उभारल्या, डिझेल वाचवले. पण खर्च कमी झाला की अनुदानही त्या प्रमाणात घटते. घरगुती ग्राहकाच्या बिलात बचतीचा अगदी लहान तुकडा पडतो. डिझेलपासून सुटण्याचे श्रम गावाचे, फायदा बराचसा राज्याच्या निधीचा.

दुसरी उणीव याहून जिव्हारी लागणारी आहे. योजना विजेपुरती आहे. घर तापवायचे तेल तिच्यात नाही. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला, आणि अनेक गावांच्या टाक्या त्याच उन्हाळ्यातल्या दराने भरल्या गेल्या. पुढे जगात भाव कोसळले. टाकीतल्या तेलाचा भाव मात्र तोच राहिला. युकॉनच्या मुखाशी असलेल्या एमोनाक या युपिक गावात त्या वर्षी किंग सामनचा हंगामही बुडाला होता, नदी लवकर गोठल्याने शेवटची बार्जही आली नाही. जानेवारी २००९ मध्ये तिथल्या एका ज्येष्ठ रहिवाशाने रेडिओवरून घरोघरची हकिकत गोळा केली आणि वृत्तपत्रांना पत्र पाठवले : लोक अन्न आणि तेल यांपैकी एकाचीच निवड करत होते.

राज्य त्याच वर्षी मालामाल झाले होते, कारण भाव वाढले की तिजोरी भरते. त्या पैशातून प्रत्येक पात्र रहिवाशाला १२०० डॉलरची ऊर्जा-सवलत वाटण्यात आली. एमोनाकला जेवढी, तेवढीच नैसर्गिक वायूवर घर तापवणाऱ्या अँकरेजच्या माणसालाही.

त्याआधी, २००६ मध्ये, व्हेनेझुएलाच्या मालकीच्या सिट्गो कंपनीने ग्रामीण अलास्कातल्या कुटुंबांना प्रत्येकी १०० गॅलन तेल फुकट देऊ केले. त्याच सप्टेंबरात ह्यूगो चावेझ यांनी संयुक्त राष्ट्रांत बुश यांना सैतान म्हटले. बहुतेक गावांनी तेल घेतले. अटका, नेल्सन लगून, सेंट पॉल आणि सेंट जॉर्ज या चार अल्युट वस्त्यांनी मात्र राष्ट्राध्यक्षांचा अपमान करणाऱ्याचे तेल नको म्हणून नकार कळवला. ज्या देशाने दुसऱ्या महायुद्धात अल्युट लोकांना घरांतून उचलून दूरच्या छावण्यांत नेऊन ठेवले होते, त्याच देशाच्या मानासाठी त्यांनी हिवाळ्याचे तेल परत धाडले.

२०२१ मध्ये समानीकरणाचा निधी राज्याच्या सर्वसाधारण राखीव निधीत वळवण्याचा प्रसंग आला. 'अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ज' न्यायालयात गेली, आणि ऑगस्टमध्ये हा निधी असा वळवता येणार नाही, असा निकाल लागला. २०२२ मध्ये घरगुती सवलतीची मर्यादा ५०० वरून ७५० युनिट झाली. बार्ज अजूनही उन्हाळ्यातच येतात. आणि घर तापवण्याचे तेल या योजनेच्या हिशेबाबाहेरच आहे.