चमच्याच्या दांड्यावरची अक्षरं

वसाहतींच्या काळात बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियात बँका नव्हत्या. घरात साठलेले स्पॅनिश डॉलर लोक चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे नेत आणि आटवून चमचे करून घेत. कारण नाणं चोरीला गेलं तर ओळखणार कसं? चमच्यावर मात्र अक्षरं कोरलेली असत.

लंडनसारखी पारख करून छाप मारणारी संस्था तिथे नव्हती. पॉल रिव्हिअर (१७३४–१८१८) आपलं आडनावच ठोकी, तीच हमी. संग्राहक आधी तो छाप शोधतात, आणि म्हणूनच त्याचे बनावट छापही झाले.

आम्ही म्हणतो, दांड्याचं टोक बघा. जुन्या चमच्यांत पाठीवर, नंतरच्यांत पुढून, वर आडनावाचं अक्षर, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. काहींवर तर फक्त तिची, माहेरची! इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झालं की बाईची चीजवस्तू नवऱ्याची होई. कागदोपत्री तिचं नाव सापडणं मुश्कील. ते सापडतं इथे, चमच्यावर.

पण परक्याची अक्षरं नकोत म्हणून ती घासून टाकलेले चमचेही बाजारात येतात. त्या जागी चांदी पातळ झालेली बोटाला कळते. असा चमचा आम्ही घेत नाही, कितीही स्वस्त मिळो.