बडोद्याची नोकरी आणि सोडण्याचा अर्थ

आपल्या घरातून शिकून नोकरीला लागलेल्या पहिल्या माणसाला सगळे घर एकच सांगते : काही झाले तरी नोकरी सोडू नकोस. या सांगण्यामागे पिढ्यांची भूक आहे, म्हणून त्याला हसता येत नाही. पण कचेरीत रोज अपमान गिळणारा आपला माणूस रात्री झोपू शकत नाही, घरी बोलेनासा होतो, तेव्हा हाच उपदेश त्याचा फास होतो. अशा वेळी बडोद्याचा इतिहास पुन्हा तपासला पाहिजे.

1913 मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परतले आणि सप्टेंबर 1917 मध्ये बडोद्यात रुजू झाले. कचेरीत काय वाढून ठेवले होते? पगाराने आणि शिक्षणाने कितीतरी खालचे शिपाई कागद दुरून टेबलावर फेकीत. प्यायला पाणी मिळत नसे. राहायला घर नव्हते. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रांतिगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने आसरा नाकारला. कामाठी बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

हा पळ होता काय? करार मोडला, उपजीविका गेली, डोक्यावर संस्थानचे देणे राहिले. ही किंमत लहान नव्हती. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत तो प्रसंग लिहिताना, कित्येक वर्षांनंतरही तो आठवला की डोळे भरून येतात, अशी कबुली त्यांनी दिली आहे. एवढ्या खंबीर माणसाच्या मनावरही घाव झाला होता. त्यांनी तो लपवला नाही.

नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तीही नोकरी 1920 मध्ये सोडून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन, ते अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला गेले. कचेरीत नाकारलेल्या पाण्याचा प्रश्न 1927 मध्ये महाडच्या तळ्यावर हजारोंचा झाला. कचेरी सुटली, प्रश्न सुटला नव्हता. तो त्यांनी सोडलाही नाही.

मात्र सोडता येणे हीसुद्धा एक सत्ता आहे. वतनदार महाराला ती नव्हती. दिवसरात्र राबणूक, बदल्यात बलुते आणि जमिनीचा तुकडा. काम नाकारले तर गावच तुटायचे. म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. ती वतने कायद्याने संपायला 1958 साल उजाडावे लागले.

मित्रहो, आज एखादा शिक्षक वा कारकून राजीनामा खिशात घेऊन आपल्याकडे येतो, तेव्हा ‘सहन कर’ म्हणणे सोपे आहे, आणि ‘फेकून दे’ म्हणणेही तितकेच सोपे. अवघड आहे ते त्याच्या तक्रारीला साक्षीदार मिळवून देणे, आणि नोकरी सुटलीच तर चार महिने त्याची चूल पेटती ठेवणे. 1917 च्या त्या रात्री बडोद्यात एकही दार उघडले नाही. आपले दार तरी उघडे असते काय?